गावचा बंधारा पावसाआधी कसा तपासावा

एप्रिल संपत आला की आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या बंधाऱ्यावर रविवारी पाय ठेवायला जागा नसते. म्हापशाहून, फोंड्याहून, पणजीहून गाड्या येतात. पोरे भिंतीवरून धडाधड उड्या मारतात, बायामाणसे पायऱ्यांवर पाय पाण्यात सोडून बसतात, कोणी काठावर चूल मांडतो. बंधारा बांधला तो कुळागरांना, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांना, पाणी मिळावे म्हणून, पण आता तो साऱ्या पंचक्रोशीचा पोहण्याचा तलाव झाला आहे. याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती एवढ्याचीच की ही भिंत शेवटची कोणी आणि कधी तपासली, हे तिथे उभ्या असलेल्या एकालाही सांगता येत नाही.

धरण सुरक्षा कायदा 30 डिसेंबर 2021 पासून देशभर लागू झाला. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे त्याने धरणमालकाला बंधनकारक केले. पण तो लागू होतो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही ठरावीक धरणांना. गोव्यातली साळावली, अंजुणे, चापोली ही मोठी धरणे त्यात येतात. आपल्या व्हाळावरचा (ओढ्यावरचा) दोन-तीन मीटरचा बंधारा किंवा डोंगराच्या कुशीतला मातीचा छोटा बांध त्यात येत नाही. त्याच्याकडे नियमाने कोणी बघणार नसेल, तर गावानेच बघायला हवे. त्यासाठी इंजिनीअर असण्याची गरज नाही. एक वही, मोजपट्टी, दहा लिटरची बादली, काचेची रिकामी बरणी, लांब बांबू आणि गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी एवढे पुरते. मात्र तीच माणसे दरवर्षी त्याच जागी उभी राहून बघणारी हवीत. एका दिवसाच्या पाहणीतून फारसे कळत नाही, गेल्या वर्षीच्या नोंदीशी ताडून पाहिले की कळते.

आधी मालक शोधा

बंधारा कोणाचा, या प्रश्नाला गावात पाच उत्तरे मिळतात. जलस्रोत खात्याचा, पंचायतीचा, कोमुनिदादचा (गावाच्या जुन्या जमीनसंस्थेचा), देवस्थानचा, नाहीतर कोणा भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) आजोबांनी बांधलेला. खाणपट्ट्यात खाणवाल्यांचा, असे सहावे उत्तरही मिळते. तेव्हा सर्व्हे नंबर काढा, एक-चौदाचा उतारा (जमीन कोणाच्या नावावर आहे त्याची नोंद) घ्या, आणि जलस्रोत खात्याच्या तालुक्याच्या कार्यालयात जाऊन हे काम त्यांच्या यादीत आहे का, कोणत्या साली झाले, शेवटची दुरुस्ती कधी झाली हे लेखी विचारा. कंटाळवाणे काम आहे, पण टाळू नका. आमच्या बंधाऱ्याची, पाणी अडवायला भिंतीच्या खाचेत घालतात ती, एक फळी अडकली होती तेव्हा दोन कार्यालये आठवडाभर एकमेकांकडे बोट दाखवत राहिली, आणि शेवटी ती वाड्यावरच्या माणसांनीच दोर लावून काढली. उतारा हातात असता तर तो आठवडा वाया गेला नसता.

भिंतीवर किती जोर येतो

तपासणीआधी एक हिशेब डोक्यात पक्का बसवून घ्या. भिंतीवरचा पाण्याचा दाब पाणी मागे किती दूर पसरले आहे यावर ठरत नाही, ते किती खोल आहे यावर ठरतो. दोन मीटर खोल पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीला साधारण 2 टनांनी ढकलते. खोली अडीच मीटर केली तर तो जोर 3 टनांच्या वर जातो. आणि भिंत बुडापासून उलथवण्याची पाण्याची ताकद याहूनही वेगाने वाढते. अर्ध्या मीटरने पाणी चढवले की ती जवळजवळ दुप्पट होते.

हे सांगण्याला कारण आहे. पोहायला खोल पाणी हवे म्हणून एक फळी जास्त लावायची, नाहीतर सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर, वाळूची पोती रचायची, हा प्रकार मी एकाहून जास्त गावांत पाहिला आहे. करणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसते. पण भिंत बांधणाऱ्याने जो हिशेब केला होता, तो त्या एका फळीने मोडतो. तुमच्या बंधाऱ्यावर मूळ आखणीपेक्षा जास्त फळी दिसली तर बाकीची तपासणी नंतर करा. मालकाला कळवून आधी ती काढायला लावा.

खालच्या बाजूने सुरुवात करा

बहुतेक माणसे वरून, पाण्याच्या बाजूने बघतात, कारण तिकडचे दृश्य छान असते. दुखणे मात्र खालच्या बाजूला दिसते. मेच्या पहिल्या पंधरवड्यात, सकाळच्या तिरप्या उन्हात, दोघांनी मिळून जा. एकट्याने जाऊ नका आणि पायात बूट असू द्या, गवतात सापकिरडू असते.

मेमध्ये आजूबाजूचे गवत करपलेले असते. त्यात कुठे हिरवा पट्टा दिसला, पावलाखाली जमीन दबली, शेवाळ किंवा अळूची रोपे उगवलेली दिसली, तर तिथे पाणी पाझरते आहे. पाझर असला म्हणजे धरण फुटणार असे नाही. मातीच्या बांधातून थोडे पाणी येतच असते, चिऱ्याच्या जुन्या भिंतीतूनही येते. प्रश्न तीनच: पाणी किती येते, ते वाढते आहे का, आणि त्याचा रंग कसा आहे.

पाझर जिथे एका धारेत येतो तिथे पन्हाळीसारखा पत्र्याचा तुकडा लावा, खाली बादली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. दहा लिटरची बादली 40 सेकंदांत भरली तर मिनिटाला 15 लिटर पाणी येते आहे. हा आकडा, तारीख आणि त्या दिवशी भिंतीमागे पाणी किती उंचीला होते, या तिन्ही गोष्टी वहीत लिहा. तिसरी गोष्ट लोक विसरतात. मागचे पाणी चढले की पाझरही वाढणारच. पातळी तीच असताना पाझर वाढला, तर मात्र गोष्ट गंभीर आहे.

मग ते पाणी काचेच्या बरणीत भरा. उन्हाकडे धरून बघा, आणि बरणी घरी नेऊन रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाला काहीच साचले नसेल तर ठीक. मातीचा थर बसला असेल, अगदी नखाएवढा जरी असला, तरी बांध आतून झिजतो आहे. पाणी मातीचा कण कण घेऊन बाहेर येते, आत पोकळ नळी तयार होते, नळी रुंदावली की पाण्याचा वेग वाढतो आणि वेग वाढला की झीज आणखी वाढते. शेवटचा भाग काही तासांत उरकतो. आमच्या वाड्यावरचा एक म्हातारा गवंडी एवढेच म्हणायचा, "नितळ उदक गळटा, गढूळ उदक खाता." ती बरणी मी त्याच्याकडूनच शिकलो. आमच्या घरी आजही खिडकीत तारखेची चिठ्ठी लावलेल्या चार बरण्या आहेत.

बांधाच्या पायथ्याशी, सपाट जमिनीतून पाणी बुडबुडत वर येताना आणि भोवती वाळूचे छोटे कडे बनलेले दिसले, तर ती याच रोगाची पुढची पायरी समजा. अशा ठिकाणी सिमेंट किंवा चिकण माती कोंबून तोंड बंद करण्याचा मोह होतो. तसे करू नका. बाहेरची वाट बंद केली तर आतला दाब वाढून पाणी दुसरीकडून फोडून निघते. पाणी जाऊ द्यायचे आणि माती थांबवायची, म्हणजे आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी असा थर टाकायचा. हा तातडीचा उपाय आहे, अभियंता येईपर्यंतचा.

गोव्यात आणखी एक जागा डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. भिंत जिथे दोन्ही काठांत शिरते ती. आपला जांभा वरून दगडासारखा टणक, पण त्याला आरपार भोके असतात, आणि खाली पांढरट-गुलाबी, बोटाने खरवडता येईल अशी माती लागते. भिंत भक्कम असूनही पाणी बगलेने, जांभ्याच्या भोकांतून आणि या मऊ मातीच्या सांध्यातून वळसा घेते. काठावरची दरड दरवर्षी थोडी थोडी ढासळत असेल तर भिंतीच्या टोकापासून दरडीपर्यंतचे अंतर मोजून ठेवा.

वारूळ, कुर्ल्या आणि झाडे

मातीचा बांध असेल तर त्याच्या अंगावरून नागमोडी चालत जा. रानमोडी आणि झुडपे माजली असतील तर आधी कापून घ्या, नाहीतर काहीच दिसणार नाही. कुर्ल्यांची (खेकड्यांची) बिळे पाण्याच्या रेषेला असतात आणि बहुधा फार खोल जात नाहीत. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, वीसहून जास्त माणसे वाहून गेली, तेव्हा खेकड्यांवर खापर फोडले गेले. पण गळतीची तक्रार गावकऱ्यांनी त्याआधीच केली होती. बीळ दिसले तर काठी घालून खोली मोजा, लिहून ठेवा. साळिंदराचे बीळ मात्र खरोखरच खोल जाते, त्याची दुरुस्ती अभियंत्याला विचारूनच करा.

वारुळाचा विषय नाजूक आहे. बांधात वाळवीचे वारूळ असणे धोक्याचे, कारण त्याखाली पोकळ्यांचे जाळे असते. आणि आपल्याकडे वारूळ म्हणजे रोयण, म्हणजे साक्षात सातेरी देवी. त्यावर कुदळ मारायला गावात कोणी धजत नाही, धजूही नये. माझा सल्ला असा की आधी गावकरांना आणि देवळाच्या पुजाऱ्याला बांधावर बोलावून खालचा ओलावा दाखवावा. वाट कशी काढायची ते त्यांनाच ठरवू द्यावे. गावाची श्रद्धा बाजूला सारून केलेली दुरुस्ती पुढच्या वर्षी कोणी करू देत नाही.

झाडांच्या बाबतीत उलटी चूक होते. बांधावर मोठे झाड दिसले की उत्साहाने तोडतात आणि बुंधा तिथेच सोडतात. मुळे आत कुजतात आणि पाच-सात वर्षांनी तिथे पाण्याला आयती नळी मिळते. मनगटाहून बारीक रोपे आत्ताच उपटा. मोठ्या झाडाला हात लावू नका, फोटो काढून कळवा.

भेगा आणि माथा

चिऱ्याच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवर पांढरे ओघळ दिसले तर पाणी आतून चुना विरघळवून बाहेर आणते आहे. भेग दिसली की तिच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारून तारीख लिहा, आणि मधोमध सिमेंटची बोटभर रुंद पट्टी लावा. भेग हलली तर पट्टी तडकते. फोटोत भेगेशेजारी मोजपट्टी ठेवा, नुसत्या भेगेच्या फोटोवरून कोणालाच काही कळत नाही. मातीच्या बांधावर लांबीच्या दिशेने जाणारी भेग वाईटच, पण बांधाला आडवी, पाण्याच्या बाजूकडून खालच्या बाजूकडे जाणारी भेग जास्त वाईट, कारण ती पाण्याची सरळ वाट आहे.

माथा सपाट आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. लेव्हल नळी घेऊन दर पाच मीटरवर उंची तपासा. कुठे वीतभर जरी खोलगट भाग निघाला तरी पूर आल्यावर पाणी तिथूनच पहिल्यांदा ओसंडणार. काँक्रीटची भिंत ओसंडणे सोसते. मातीचा बांध ते सोसत नाही, वरून पाणी गेले की तो कापत जातो.

सांडवा मोकळा ठेवा

एका चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर दिवसाला 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 10 कोटी लिटर पाणी होते. घाटाखालच्या सत्तरीत जुलैत असा दिवस काही अपूर्वाईचा नसतो. हे सगळे पाणी बिनबोभाट बाहेर काढण्याचे काम एकटा सांडवा करतो. त्यात ओंडके, झावळ्या, बाटल्या, सहलीला आलेल्यांच्या पिशव्या अडकलेल्या असतात. जूनच्या पहिल्या पाण्याला चढणीचे मासे धरण्यासाठी सांडव्यातच जाळी आणि बांबूचे सापळे लागतात. मासे खुशाल धरा, मलाही ते आवडतात, पण जाळी सांडव्यात नको, खालच्या व्हाळात लावा.

वसंत बंधाऱ्याच्या, म्हणजे खाचेत फळ्या घालून पाणी अडवणाऱ्या बंधाऱ्याच्या, फळ्या पावसाआधी निघाल्याच पाहिजेत. गोव्यात पाऊस एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, या भरवशावर मेअखेरपर्यंत फळ्या ठेवल्या जातात, आणि त्यातही शेवटचा रविवार पोहून घ्यावा म्हणून आणखी थोड्या दिवसांची मुदत मागितली जाते. 2025 मध्ये मोसमी पाऊस 24 मे रोजीच केरळात पोहोचला आणि लगेच गोव्यातही आला. तेव्हा 15 मे ही तारीख गावाने ठरवून टाकावी. त्याआधी आठवडाभर एक फळी वर-खाली करून पाहावी, कारण खाचेत गाळ घट्ट बसलेला असतो आणि पूर आल्यावर ती ओढायला भिंतीवर उभे राहणे म्हणजे जीवाशी खेळ.

भिंतीखालचे पाणी

पोहणाऱ्यांसाठी सगळ्यांत घातक जागा वरच्या खोल पाण्यात नसते, भिंतीच्या लगेच खाली असते. भिंतीवरून पाणी ओसंडते तेव्हा ते तळाला जाऊन आपटते आणि वरचा थर उलट फिरून भिंतीकडेच परत येतो. वरून दिसते फेसाळलेले, कमरेइतके पाणी. त्यात सापडलेला माणूस भिंतीकडे ओढला जातो, खाली दाबला जातो, वर येतो आणि पुन्हा ओढला जातो. उत्तम पोहणाऱ्याचाही त्यात निभाव लागत नाही, फेसात हवा मिसळलेली असल्याने शरीर नीट तरंगतही नाही. पहिल्याला वाचवायला दुसरा उडी मारतो आणि दोघेही जातात.

म्हणून भिंतीवरून पाणी पडत असेल तर खालच्या बाजूला कोणी उतरू नये, एवढा एक नियम तरी ठेवा. खांबाला 20 मीटर दोर आणि त्याच्या टोकाला झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा तेलाचा डबा कायम बांधून ठेवा. कोणी अडकला तर तो डबा फेकायचा, उडी मारायची नाही. पाटी मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी आणि कन्नडमध्ये लावा, कारण येणारे सगळेच गावचे नसतात. खोली दाखवणारे आकडे भिंतीवर रंगवा. पोरे उड्या मारतात त्या जागी पाणी कमी असताना बांबूने तळ चाचपून बघा. आम्हाला तिथे बांधकामातून उरलेली, वर तोंड करून उभी असलेली गंजकी सळई सापडली होती. तिच्या दोन्ही बाजूंनी पोरे वर्षानुवर्षे उड्या मारत होती.

चोर्ला घाटाच्या माथ्यावर ढग फुटला तरी खाली ऊन असू शकते. पाण्याचा रंग तांबूस होऊ लागला, पालापाचोळा वाहत आला, वरून घुमल्यासारखा आवाज आला, तर कपडे-चपला गोळा करत बसू नका. व्हाळाच्या कडेने खाली पळू नका, काठावर उंच चढा. मोठ्या धरणाच्या खालच्या बाजूला राहत असाल तर त्याची खबर ठेवा. अंजुण्याचे पाणी सोडले की वाळवंटी नदी चढते, तिळारी धरणाचे सोडले की शापोरा नदी.

कळवायचे कसे, आणि कधी थांबायचे नाही

तपासणी झाली की दोन पानांचा अर्ज करा. त्यात नकाशा, फोटो, पाझराचे आकडे आणि तारखा द्या. एक प्रत पंचायतीला, एक जलस्रोत खात्याला, एक मामलेदाराला. आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा आणि विषय पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात येईल असे बघा. "बंधारा धोकादायक आहे" असे वाक्य कोणी मनावर घेत नाही. "डाव्या काठापासून सहा मीटरवर, पाण्याची पातळी तीच असताना, पाझर मिनिटाला 15 वरून 30 लिटर झाला" असे लिहिले की अभियंत्याला यावेच लागते.

काही गोष्टी अर्जावर सोडायच्या नाहीत. नितळ येणारा पाझर अचानक गढूळ झाला, भिंतीमागच्या पाण्यात भोवरा फिरताना दिसला, बांधाचा उतार घसरला, मातीच्या बांधावरून पाणी जाऊ लागले, तर त्याच क्षणी 112 ला फोन करा आणि खालच्या घरांना उठवा. त्यासाठी आधी एकदा बंधाऱ्यापासून नदीच्या संगमापर्यंत चालत जाऊन व्हाळाच्या पातळीजवळची घरे, गोठे, विहिरींचे पंप आणि लहान साकव वहीत उतरवून घ्या. प्रत्येक घराचा फोन नंबर लिहा. रात्री फोन लागत नाही, म्हणून देवळाची घंटा कोण वाजवणार आणि कपेलाची (छोट्या चर्चची) कोण, हेही ठरवा. त्या घरांतल्या म्हाताऱ्यांना कोण उचलणार, ते नाव लिहा.

पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात, फळ्या पुन्हा घालण्याआधी, दुसरी फेरी करा. पुराच्या पाण्याने भिंतीच्या पायाशी खड्डा किती खणला हे तेव्हाच कळते. काठावर उभे राहून बांबू खाली सोडा, भिंतीला लागून दर दोन मीटरवर खोली मोजा, बांबू कुठे आडवा भिंतीखाली शिरतो का तेही बघा. शिरत असेल तर पाया उघडा पडला आहे. त्या वर्षी फळ्या घालू नका, पोहण्याचा हंगाम गेला तरी चालेल. खड्ड्यात दगड भरून, त्यावर काँक्रीट करून खात्याच्या माणसाने वहीत सही केली की मगच पहिली फळी खाचेत सोडा.